कढईतला नवरा

इटलीतल्या गुब्बिओ गावात दियाम्ब्राच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. नवरा नेरोत्सो वारल्यावर दारूचा गुत्ता तिनं एकटीनं, बाह्या सरसावून चालवला. पाद्रीबाबासुद्धा तिच्याशी जपून बोलत.

पण ईस्टरआधीच्या उपासात बाल्दुच्चो भाट आला. दरवर्षी तो चौकात नरकाचं काव्य गायचा आणि नरकात गावचीच मेलेली माणसं घालायचा, नाहीतर गर्दीला रंगत वाटत नसे. सावकारांच्या घशात वितळलेलं सोनं ओतून झालं, खोट्या साक्षीदारांच्या जिभा आकड्याला टांगून झाल्या, आणि मग उकळत्या कढईतून एक डोकं वर आलं. दारूत पाणी मिसळणारा नेरोत्सो! सैतान त्याला झाऱ्यानं पुन्हा आत दाबत होता. लोक पोट धरधरून हसले.

दियाम्ब्रानं तेही हसण्यावारी नेलं असतं. पण रविवारी चर्चच्या प्रार्थनामंडळानं मृतांच्या प्रार्थनेतून नेरोत्सोचं नाव गाळलं.

"नरकात गेलेल्याला प्रार्थना पोचत नाही, बाई," मंडळाचा म्होरक्या म्हणाला. "शुद्धीच्या आगीत पापं जाळून घेत असता तर गोष्ट वेगळी. ती कधीतरी विझते, मग स्वर्ग मिळतो."

त्या बिचाऱ्यासाठी आता कुणी एक शब्दही उच्चारणार नव्हतं. त्याच दुपारी ती गर्दी कापत चौकात शिरली.

"काय रे भाटा, माझ्या नवऱ्याला तिथं बघून आलास?"

"मावशी, गाव म्हणतं तेच मी गातो. पाणी होतं की नव्हतं?"

"होतं की! चांगलं विहिरीचं, गाळून घेतलेलं." गर्दी खिदळली. "पण घालत कोण होतं? तो देवमाणूस वर गिऱ्हाइकांशी गप्पा मारत बसायचा. तळघरात पिंपापाशी मी असायचे. मी!"

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"मग... कढईत तुला घालू?" बाल्दुच्चो चाचरला.

"खुशाल घाल! मी जिवंत आहे, मला अजून पश्चात्ताप करता येतो. त्याला येत नाही. आधी त्याला बाहेर काढ."

बाल्दुच्चोनं घसा खाकरला आणि काव्य पुढं गायला घेतलं. सैतानानं झाऱ्यानं नेरोत्सोला वर उचललं, चुकीचा माणूस आणला म्हणून आपल्याच चाकरांच्या कानाखाली वाजवली आणि त्याला शुद्धीच्या आगीकडे धाडून दिलं. गर्दीत उभ्या असलेल्या म्होरक्यानं टोपी काढली, नेरोत्सोचं नाव घेतलं, आणि त्याच्यामागून सगळा चौक प्रार्थना पुटपुटू लागला.

दियाम्ब्रानं डोळे पुसले. मग कढईचं पुढचं, स्वतःवरचं कडवं ऐकायला ती सगळ्यांच्या पुढं जाऊन उभी राहिली.