ऑफिसरची ओळ

नियम मला तोंडपाठ होते. आयर्लंडमधल्या फळबागांना आणि मशरूमच्या शेडना परदेशी मजूर हवे असले, की त्यांचे परवान्याचे अर्ज आमच्या ऑफिसातून जायचे आणि ते मीच भरायचे. त्यामुळे २०२० च्या एप्रिलमध्ये मी जे वागले, ते न कळून वागले असं म्हणायची सोय मला नाही.

आबा, म्हणजे माझे वडील, त्या जानेवारीत आयर्लंडमधल्या नास या गावी आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आले होते. जन्मभर त्यांनी सासवडजवळच्या एका रोपवाटिकेत कलमं बांधली. रोपवाटिका दुसऱ्याची, चाकू तेवढा यांचा. तो चाकू त्यांनी मोठ्या बॅगेत धोतरात गुंडाळून आणला होता. इथे कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, "आसूदे. हाताला सवय हाय."

संक्रांतीला मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणीतरी त्यांना विचारलं, "काका, तुम्ही जॉब काय करायचात?" आबांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "शेती खात्यात अधिकारी होते." आबांनी तिळाचा लाडू तोंडात टाकला आणि तो चावत बसले. घरी आल्यावरही त्यांनी विषय काढला नाही. मी तर नाहीच नाही.

मार्चमध्ये सगळं बंद झालं. विमानं थांबली, आबांच्या व्हिसाची मुदत सरकारनेच वाढवली. घरापासून दोन किलोमीटरच्या आत फिरायला मुभा होती. आबा रोज सकाळी कानटोपी घालून निघायचे ते थेट जेवायला परत. एवढ्याशा अंतराला इतका वेळ कसा लागतो, हे मी विचारलं नाही. मी दिवसभर लॅपटॉपपुढे असायचे आणि घर शांत असलेलं मला बरं वाटायचं.

एका दुपारी बेल वाजली. दारात साठीचा एक उंच माणूस, पायात चिखलाचे बूट. सफरचंदांची पिशवी पायरीवर ठेवून तो दोन मीटर मागे सरकला. रस्त्याच्या टोकाची बाग त्याची होती. दर वसंतात पोलंडहून एक जण त्याच्याकडे कलमं बांधायला यायचा, तो यंदा अडकला होता आणि थंड खोलीत ठेवलेल्या कलमाच्या काड्या वाळायला लागल्या होत्या. आबा रोज कुंपणाशी उभे राहून बघायचे. एके दिवशी त्यांनी हातानेच खूण केली, दे इकडे. तेव्हापासून तीन आठवडे ते त्याच्या शेडमध्ये, दार सताड उघडं ठेवून, कलमं बांधत होते.

"तुमच्या या माणसासारखे हात मी बघितले नाहीत," तो म्हणाला. "तुम्ही परवान्यांचं काम करता ना? यांचे कागद करता येतील का? दर वसंतात सहा आठवडे. लागेल तिथे सही करतो."

मी माझा ऑफिसातला आवाज काढला. युरोपातल्या माणसाला विमानाचं तिकीट मिळालं की पुरतं, पण बाहेरच्यासाठी हंगामी परवाना असा प्रकारच इथे नाही. आहे तो शेतमजुराचा साधा परवाना, त्याला आधी चार आठवडे जाहिरात द्यावी लागते आणि अर्ज मायदेशातून करावा लागतो. माझे वडील पाहुणे म्हणून आलेत. त्यांना काम करायला मनाई आहे, बिनपगारीसुद्धा. हे सगळं मी एका दमात, हसून, त्याला बोलायला फट न ठेवता सांगितलं. आबा मागे पॅसेजमध्ये उभे होते.

त्याचे कान लाल झाले. "मला कल्पना नव्हती," तो म्हणाला. मग जाता जाता त्याने विचारलं, "हाच त्यांचा धंदा होता का?"

"नाही," मी म्हणाले. "ते ऑफिसर होते. हा त्यांचा छंद."

"ग्रँड, ग्रँड," असं, म्हणजे इथल्या बोलीत बरं, बरं, असं पुटपुटत तो गेला.

"काय म्हनला त्यो?" आबांनी विचारलं.

"आभार मानले. काम संपलं म्हणाला."

"संपलं कसं? काड्यांच्या दोन जुड्या ऱ्हायल्यात की."

मग मला सांगावंच लागलं. आबा, पाहुण्याला इथे काम चालत नाही, कुणी तक्रार केली तर माझी नोकरी जाईल. नियम खरा होता, म्हणूनच लपायला सोयीचा होता. खरं कारण वेगळं होतं. मी ज्या मजुरांचे फॉर्म भरते, त्यांच्यात माझा बाप बसलेला कुणी पाहावा, हे मला नको होतं. आज लिहितानाही मान खाली जाते.

आबांनी त्यानंतर तो रस्ताच सोडला. पोरीच्या नोकरीवर बालंट नको म्हणून ते उलट्या दिशेला, गाड्यांच्या शोरूमपर्यंत जाऊन यायचे. जूनमध्ये खास विमानाने ते परत गेले. निघताना एवढंच म्हणाले, "कलमं फुटली का, तेवढं बघ. मला सांग."

मला तिकडे जायची लाज वाटली. फोनवर मी न बघताच सांगितलं, "फुटली, आबा."

"समदी?"

"सगळी."

"समदी कशी फुटत्याल? धा-पाच तरी मरत्यात."

खोटं बोलायलाही त्यातलं कळावं लागतं. आबा मात्र दर फोनला विचारत राहिले, आणि मी वर्षभर फुटली, फुटली म्हणत राहिले.

पुढच्या वसंतात, आबांची दुसरी लस झाली त्याच आठवड्यात, बागवाल्याने मला रस्त्यात गाठलं. ट्रॅक्टर थांबवून म्हणाला, "येऊन बघून तरी जा." नाही म्हणायला कारण सापडेना. शेडमागे कमरेएवढ्या झाडांची लांब ओळ होती, मधेमधे एखादी जागा रिकामी होती, पण उभ्या असलेल्या सगळ्यांना पानं आली होती. ओळीच्या तोंडाशी फळी ठोकून त्यावर इंग्रजीत रंगवलं होतं, ऑफिसर्स रो, म्हणजे ऑफिसरची ओळ. "नाव विचारायचं राहिलं," तो ओशाळून म्हणाला. "तुम्ही तेवढंच सांगितलं होतं."

मी आबांना व्हिडिओ कॉल लावला आणि ओळीच्या कडेने फोन धरून चालत गेले. आबा रिकाम्या जागा मोजत होते. शेवटाला म्हणाले, "सात मेली. लई न्हाईत." किती दिवसांनी त्यांचा चेहरा असा खुललेला बघत होते मी. मग ते म्हणाले, "म्होरं पाटी हाय, ती काय म्हनती?"

"आबांची ओळ," मी म्हणाले.

"जवळ धर."

मी परत ओळीच्या तोंडाशी जाऊन फोन पाटीजवळ धरला. त्यांनी एकेक अक्षर लावलं. ओ. एफ. एफ. पुढे त्यांनी वाचलं नाही.

"जलमभर रोपांच्या पाट्या लिवल्या पोरी म्या," ते म्हणाले. "इंग्रजी नावांच्या. तवा दारातबी 'हाफिसर' ऐकलं हुतं." मग म्हणाले, "त्याला सांग, ही कलमं हाफिसरनं न्हाई बांधली."

"काय म्हणतायत?" बागवाल्याने विचारलं.

मी त्याला जसंच्या तसं सांगितलं. ते अधिकारी कधीच नव्हते आणि हाच त्यांचा धंदा होता, हेही सांगितलं. या खेपेला कान माझे लाल झाले. फोनमधून आबा बघत होते.