अण्णांची कोरडी एकादशी

पुण्यवान माणसाला एकादशीचं मरण येतं असं म्हणतात. आमच्या भावोजींना, म्हणजे अण्णांना, ते दशमीला आलं; दुपारी, पोटभर जेवून आडवे झाल्यावर. उद्या काही खायचं नाही म्हणून आजच थोडं जास्त, असा त्यांचा दशमीचा शिरस्ता होता. केलगेरीला माझ्या घरी फोन वाजला तेव्हा संध्याकाळ होत आली होती. अक्का, माझी थोरली बहीण, एवढंच म्हणाली, "तम्मा, अण्णा गेले रे. उठवायला गेले तर..." तोवर पंचांगात एकादशी लागली होती म्हणे. भजनी मंडळाला तेवढा आधार पुरला. हुबळीच्या बाजारात, त्यांच्या कापडदुकानासमोर, 'एकादशीच्या पुण्यदिनी वैकुंठगमन' असा फलक सकाळच्या आत लागला. फलकाशी वाद घालायचं माझं वय आता राहिलेलं नाही.

खरं तर अण्णांचं घराणं सांगली भागातलं. उपासाला साबुदाणा, वरी, शेंगदाण्याची आमटी असा भरपेट कारभार. पण हुबळीला केशवापुरात घर केलं, तर शेजारी माध्व ब्राह्मण निघाले. एकादशीला पाण्याचा थेंब न घेणारे. एकदा त्या घरच्या रायरांनी, म्हणजे यजमानांनी, खिचडीच्या वासावर सहज म्हटलं, "निम्दु उपवास अल्ल बिडरी, हब्ब!" तुमचा हा उपास नव्हे हो, सण. गिऱ्हाइकाचं काहीही ऐकून घेणाऱ्या अण्णांना हे मात्र लागलं. पुढच्या एकादशीपासून घरात चूल बंद, पाणी बंद. लोकांना वाटलं, साक्षात्कार झाला. मला विचाराल तर तो शेजार होता.

पुढे साखरेचा आजार निघाला. डॉक्टरांनी बजावलं, गोळी घेतली की खायलाच हवं. अण्णांनी त्यातलं अर्धं ऐकलं. गोळी हे औषध, अन्न नव्हे, तेव्हा शास्त्राची हरकत नाही, असा निवाडा करून ते एकादशीलाही गोळी घेऊ लागले... कोरडीच, पाण्याशिवाय. दुपार कलली की हात थरथरायचे, कपाळावर घाम यायचा, नजर कुठेतरी लांब लागायची. संध्याकाळच्या भजनाला आलेली मंडळी ते पाहून पाया पडायची. "काय तेज आहे!" असं एक वकील माझ्या कानात म्हणाले होते. अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ते तेज बघायची आणि पदर चावायची.

मी कॉलेजात शिकवायचो, म्हणून समजावायची कामगिरी माझ्यावर आली. म्हटलं, "अण्णा, देवाला तुमची साखर उतरवून काय मिळणार?" ते म्हणाले, "तारिहाळच्या कारखान्यात नोकरीला असलेला तुझा मुलगा सोळा-सोळा तास उपाशी राहतो, त्याला विचारलंस?" "तो वजनासाठी करतो." "आणि सोडतो कशावर?" "प्रोटीनची पावडर पाण्यातून घेतो." "कुठल्या देवाचा प्रसाद तो?" झालं. शिकलेल्या माणसाचं तिथं संपलं.

वाट अक्कानं काढली. तीर्थाला नाही म्हणता येत नाही, हे तिला ठाऊक होतं. अण्णांचे हात थरथरायला लागले की ती देवघरात जाऊन बाळकृष्णाला पंचामृताचं स्नान घालायची आणि दूध, दही, तूप, मध, साखरेचं ते तीर्थ पेला भरून आणायची. पळीभर नव्हे, पेलाभर. अण्णा ओंजळ पुढे करायचे, मग पेलाच घ्यायचे. एकदा माझ्यादेखत म्हणाले, "आज तीर्थात केळंही पडलंय वाटतं." अक्का म्हणाली, "देवाच्या मनात आलं." अण्णांनी पेला रिकामा केला. असं तिनं त्यांना कितीतरी वर्षं जगवलं.

अक्का स्वतः काय खात होती, हे मात्र कुणी विचारलं नाही. तीर्थसुद्धा ती पळीभरच घ्यायची. मी एकदा हटकलं तर म्हणाली, "ते कोरडे बसलेत, नि मी भाकरी थापू होय रे?" देवावर तिचा राग नव्हता, फार लोभही नव्हता. चूल बंद म्हणून ती उपाशी. तिला पित्ताचा त्रास होता. तिच्या तोंडावरचं तेज कुणाला दिसलं नाही.

तेरावं झालं आणि पाठोपाठ एकादशी आली. मी सकाळीच केशवापूर गाठलं. भजनी मंडळाचे तिघे आधीच येऊन बसले होते. "वहिनी, अण्णांचं व्रत आता तुम्ही चालवायचं. समाजापुढं आदर्श राहील." अक्का सगळं शांतपणे ऐकत होती. मला वाटलं, आता ही मान डोलावणार... थकलेली माणसं हो म्हणून टाकतात. ती म्हणाली, "तुम्ही चालवा की. तुमची भक्ती मोठी." आणि उठून आत गेली. थोड्या वेळानं कुकरची शिट्टी झाली. मंडळी चपला शोधू लागली.

अण्णांचा पाट भिंतीला टेकवून ठेवला होता. तो तिनं मांडला. मला वाटलं, माझ्यासाठी. मला तिनं सतरंजीची घडी दिली, पाटावर स्वतः बसली आणि म्हणाली, "वाढ रे तम्मा."

तिनं भात दोनदा घेतला. दुसऱ्या वेळी कांदाही.