इंजिन बंद, कुठे उतरणार?

शिंपीणबाईंच्या घरात एक खेळ चालायचा. नवरा दाढी करत असो की बसच्या खिडकीशी डुलक्या घेत असो, बाई मध्येच ओरडायच्या, "इंजिन बंद! कुठे उतरणार?" आणि त्याने झटकन बाहेरची मोकळी जागा दाखवायची. एकदा तो जांभई देत "तुझ्या माहेरी" म्हणाला, त्या दिवशी त्याच्या भाजीत मीठ पडलं नाही.

नवरा पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. दुकानामागच्या शेडमध्ये त्याने स्वतःच्या हाताने दोन माणसांचं विमान बांधलं, तेव्हा पंपवाल्याला पंख फुटले म्हणून गल्ली हसली. खेळ त्याच्या उड्डाण शिकवणाऱ्या मास्तरांचा. इंजिन कधीतरी दगा देणारच, जागा आधी हेरून ठेवा, असं ते सांगायचे. पंखांचं कापड मात्र बाईंनी शिवलं होतं, दोरा मेणावर ओढून, टाक्याला टाका लावून.

तो एकटा बरेचदा उडाला. मग बाईंची पाळी आली. निघण्याआधी विमान पुसताना त्यांना पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला बारीक भोक दिसलं. कामं अर्धवट सोडायची ह्यांची खोडच, असं पुटपुटत त्यांनी ते मेणाने बुजवलं.

वर गेल्यावर त्या भानच विसरल्या. नदी, रस्ते, त्यांचं छप्पर, सगळं मांडीवर घेता येईल एवढं. आणि इंजिन दोनदा खोकून गप्प झालं. समोरचा पंखा थांबला. इतकी शांतता त्यांनी जन्मात ऐकली नव्हती, शिवणींवरून सरकणारा वारासुद्धा ऐकू येत होता. मग तोही मंदावू लागला, विमानाचा वेगच पडत होता. पुढे बसलेल्या नवऱ्याची मान दगडासारखी ताठ, हात जागच्या जागी.

बाईंना विमानातलं ओ की ठो कळत नव्हतं. तोंडात होतं तेच बाहेर पडलं.

"इंजिन बंद! कुठे उतरणार?"

त्याचा हात उठला. "ते कापणी झालेलं शेत!" विमानाने नाक खाली घातलं, वारा पुन्हा गाऊ लागला. धसकटांवर आपटत, धडधडत ते थांबलं. दोघंही धड होते.

त्याने टाकीचं झाकण सैल केलं, तशी हवा फुस्सकन आत गेली. नखाला मेण लागलं.

"हे तू?"

"भोक राहिलं असेल म्हणून बुजवलं."

"अगं, हवा आत गेली तरच पेट्रोल खाली येतं."

बाई मटकन खाली बसल्या. आपल्याच हाताने आपण दोघांचा जीव घेत होतो! त्यांना रडू फुटलं.

तो शेजारी टेकला. "माझं डोकंच बंद पडलं होतं गं. ओरडलीस म्हणून सुरू झालं."

डोळे पुसून बाई उठल्या. पंखाच्या शिवणीवरून त्यांनी अंगठा फिरवला. एक टाका उसवला नव्हता. त्यांनी मान वर केली.

"एवढ्या वरून आलो?"

"एवढ्या वरून. तुझ्या कापडावर."

बाई कितीतरी वेळ तशाच वर बघत राहिल्या.