डबीमामीची कोयरी

डबीमामी लाकूड आधी हुंगायची, मग बघायची. चौक गावात जुन्या हायवेमागे, गॅरेजांच्या रांगेपलीकडे तिचं घर; मी शेजारची सून. लोक तिच्याकडे तुकडे घेऊन यायचे. कुणी मोडलेल्या चौकटीचा, कुणी शेलूला इमारतीसाठी पाडलेल्या फणसाचा. मामी तुकडा नाकाशी धरून डोळे मिटायची ते बराच वेळ उघडायचीच नाही.

"मामी, झोपलीस काय?"

"थांब गं. आजून पोचले नाय."

कुठे, ते तिनं कधी सांगितलं नाही.

मामा सुतार होते. ते असताना मामीनं हत्यारांना हात लावला नव्हता. ते गेल्यावर एका दुपारी तिनं त्यांची बारीक पात्याची, वरखाली धावणारी विजेची करवत सुरू केली आणि लहान लहान डब्या कापायला लागली. अख्ख्या ठोकळ्याची एक डबी. आधी बाहेरचा आकार कापायचा, त्यातून झाकण आणि तळ वेगळे करायचे. मग ठोकळ्याला भोक पाडून, सुईत दोरा ओवावा तसं पातं ओवायचं आणि गाभा काढून घ्यायचा. शेवटी तळ परत चिकटवायचा. भुसा उन्हात तरंगत राहायचा, समोर इर्शाळच्या डोंगरावर ढग टेकलेले असायचे आणि मामी पात्याबरोबर हळू हळू वळत असायची.

दुसऱ्या लाकडाचं झाकण तिला चालायचं नाही. "झाकनावरची रेघ खाली अंगावर उतरली पायजे," म्हणायची. "नायतर दुसऱ्याची टोपी घातल्यावानी दिसतं."

मग मामीला अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. करवतीवर चादर पडली. मामी ओटीवर बसून असायची, कुणी लाकूड आणलं तर नुसती हुंगून परत द्यायची.

पावसाळा सरल्यावर तिनं मला हाक मारली. मांडीवर जुन्या लुगड्यात गुंडाळलेला शिवण झाडाच्या लाकडाचा ठोकळा होता. वर पेन्सिलीनं कोयरी काढलेली, पुसट झालेली. मामांनी तिच्यासाठी काढली होती. कापायच्या आधीच ते गेले. गावासाठी डब्या कापल्या, पण या ठोकळ्याला मामीनं पातं लावलं नव्हतं.

"तू काप."

भाजी चिरण्यापलीकडे मी काही कापलं नव्हतं. "मामी, चुकले तर? दुसरा ठोकळा नाय."

"चुकशीलच. मी बसते ना कडंला."

तिनं डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला. मी घाई केली की बोटं दाबायची, बरं चाललं की सैल सोडायची. कोयरीची पाठ नीट निघाली. पण चोचीशी पातं रेघ सोडून बाहेर गेलं. मी करवत बंद केली. माझे डोळे भरून आले.

मामीनं वाकड्या कापावरून बोट फिरवलं. "यांचा हातबी वळनावर असाच जायाचा," ती म्हणाली. "चल, थांबू नको."

संध्याकाळी डबी तिच्या डाव्या हातात दिली. तिनं हुंगली, डोळे मिटले. मी वाट बघत बसले.

"आत काय ठेवशील, मामी?"

"काय नाय," डोळे न उघडता ती म्हणाली. "त्यांनी रिकामीच दिली असती."

थंडीत मामी गेली. तिला घरातून नेताना तिच्या लेकानं डबी तिच्या डाव्या हाताशी ठेवली. झाकण जरासं सरकलं होतं. ते मी नीट बसवलं.