बाईंचा वरचा सा

घरात चौघी बहिणी, त्यांतली ही शेवटची, म्हणून धाकटी. पुढे तिचं लग्न झालं, नोकरी लागली, कानाशी केस पांढरे झाले, तरी हे धाकटेपण काही सुटलं नाही. बस स्टँडवरचे कंडक्टरसुद्धा तिला धाकटीताई म्हणत.

स्टँडवर ती गाड्या पुकारायची. फलाटांच्या डोक्यावर एक काचेची खोली होती. खोलीत एक माइक, भिंतीवर वेळापत्रक आणि फिरताना कुरकुरणारा पंखा. सकाळी सात ते दुपारी तीन ती तिथे बसून कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते सांगायची. तीन वाजता उठली की घरी न जाता थेट बाईंकडे.

बाई म्हणजे तिच्या गाण्याच्या बाई. नऊ वर्षांची असताना वडिलांनी तिला त्यांच्यापुढे नेऊन बसवलं होतं. पहिली दोन वर्षं बाईंनी तिला सा सोडून दुसरं काही म्हणू दिलं नाही. नोकरी लागल्यावर पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "स्टँडचा आवाज स्टँडवर ठेवून यायचा. इथे कुणाची गाडी सुटत नाहीये." एकविसाव्या वर्षी त्यांनी तिला मैफलीत मागे बसवलं. मांडीवर तंबोरा घ्यायचा, बाई दम घ्यायला थांबल्या की त्यांचाच सूर धरून ठेवायचा, आणि बाईंनी तोंड उघडलं की आपलं मिटायचं.

बाई साठीला आल्या आणि त्यांचा वरच्या सप्तकातला सा डळमळू लागला. अशा वेळी गाणारे आपली पट्टी उतरवतात, म्हणजे मूळ सा थोडा खाली धरतात. मग वरचाही आपसूक आवाक्यात येतो. बाई मात्र जन्मभर पेटीच्या काळी पाचमध्ये, म्हणजे पाचव्या काळ्या पट्टीला सा धरून, गायल्या होत्या. पट्टी उतरवणं म्हणजे त्यांच्या लेखी अब्रू उतरवणं. एका मैफलीत वरच्या सा च्या तोंडाशी येऊन त्या थांबल्या आणि त्यांनी मान किंचित मागे वळवली. धाकटीने ओळखलं. तिने तो सा लावला, बाईंनी हात वर केला, आणि टाळ्या पडल्या त्या हाताला. त्या दिवसापासून तोच शिरस्ता झाला. सोहनीसारखा सगळा वरच्या मजल्यावर राहणारा रागही बाई बिनधास्त गायला घेऊ लागल्या. जाणकार आपसात तिला 'बाईंचा वरचा सा' म्हणू लागले. तिला ते कळत होतं. त्यात सुख जास्त की सल जास्त, हे तिने कधी उकरून पाहिलं नाही.

ती त्रेचाळीस वर्षांची असताना मोठ्या संगीत संमेलनाचं पत्र आलं. या खेपेला बाईंना नाही, तिला. पाऊण तास, एकटीचं गाणं. नवरा छापखान्यात मुद्रितं तपासायचा. त्याने सवयीने ते पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाला, "एकही चूक नाही. खरंच तुलाच बोलावलंय."

संमेलनाला दीड महिना होता. ती कपडे शिवायला टाकायला गेली. शिंपीणबाईंनी गळ्याभोवती टेप धरली, काढली, पुन्हा धरली.

"ताई, मागच्या मापापेक्षा अर्धा इंच वाढलाय गळा. आणि हे इथे काय आहे?"

धाकटीने बोट लावलं. गिळताना काहीतरी वर सरकत होतं आणि परत जागेवर येत होतं.

सुई घालून तपासणी झाली. निकालात ना हो होतं, ना नाही. सर्जन मोजकं बोलणारा माणूस होता. त्याने कागदावर गळ्याचं चित्र काढून दाखवलं. "गाठ कसली आहे ते काढल्यावरच कळेल. वाईट असली तर थांबण्यात अर्थ नाही. पण हिच्या अगदी अंगाला चिकटून एक नस जाते. केसाएवढी. तिला धक्का लागला तर बोलणं चालू राहील, वरचा आवाज जाईल. मी ती नस शोधायला हवा तेवढा वेळ घेईन. वचन मात्र देणार नाही."

"सहा आठवडे थांबलं तर?"

"तो धोका तुमचा. मी थांबा म्हणणार नाही."

जिन्यावरच नवरा म्हणाला, "उद्याच तारीख घेऊ." घरी आल्यावर तो पुन्हा म्हणाला, तेव्हा ती भडकली. "तुझं काय जातंय? चौतीस वर्षं मी घासलाय हा गळा."

"माझं काय जातंय?" त्याने हातातला पेला खाली ठेवला. "गाठ वाईट निघाली तर माझं काय जाईल, तूच सांग."

दोन दिवस दोघांत कामापुरतं बोलणं होतं. तिसऱ्या दिवशी ती बाईंकडे गेली. बाई खिडकीशी बसल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं, तिचा गळा हाताने चाचपला आणि म्हणाल्या, "सुरी लावू द्यायची नाही. आधी संमेलन. मग बघू."

"बाई, डॉक्टर म्हणतात..."

"डॉक्टरला काय कळतं वरचा सा म्हणजे काय? मी सांगते ते ऐक. हा गळा तुझ्या एकटीचा नाही."

बाईंच्या तोंडून जे निघून गेलं होतं ते बाईंनाही ऐकू आलं असावं, कारण त्यांनी नजर खिडकीबाहेर वळवली. धाकटीला एकदम आठवलं. पुढच्या महिन्यात बाईंच्या दोन मैफली ठरलेल्या होत्या. सोहनी गायची ठरली होती.

"मी तारीख घेते आहे, बाई," ती म्हणाली. बाईंना नाही म्हणण्याची ती तिची पहिली वेळ.

बाईंनी मान वळवली नाही. "घे. मग यापुढे कुठे माझं नाव सांगायचं नाही. कोणाकडे शिकलीस विचारलं तर गप्प बसायचं."

शस्त्रक्रिया साडेतीन तास चालली. बाहेरच्या बाकावर नवरा खिशातल्या लाल पेन्सिलीचं टोक नखाने सोलत बसला होता. ती शुद्धीवर आल्यावर सर्जनने वाकून सांगितलं, "नस सापडली, जपली. पण ताण बसलाय. एक म्हणा बघू."

तिने मान हलवली.

"दुखतंय?"

पुन्हा नकार. दुखतही होतं, पण ते कारण नव्हतं. तोंड उघडलं की काय ते कळणार होतं, आणि कळल्यावर ते परत न कळल्यासारखं करता येणार नव्हतं. तो दिवस ती मुकी राहिली. दुसरा दिवसही. नवरा वही-पेन्सिल देई, ती लिहून दाखवी. "निदान हूं तरी म्हण," तो म्हणाला. तिने वहीत लिहिलं, 'नको.'

तिसऱ्या दिवशी दुपारी नवरा जेवायला खाली गेला होता. नर्स हातात सिरिंज घेऊन आली आणि तिचा दंड पुसू लागली. धाकटीने ट्रेमधला कागद पाहिला. वरचा खाट क्रमांक तिचा नव्हता, शेजारच्या खाटेचा होता. तिने हात मागे घेतला. नर्सने तो परत पुढे ओढला. "घाबरायचं नाही ताई, मुंगी चावल्यासारखं." वही नवऱ्याच्या खुर्चीवर, हाताच्या अंतराबाहेर. सुई कातडीला टेकली.

"ते माझं नाही," ती म्हणाली. "शेजारच्या बाईंचं आहे."

नर्स थबकली, कागद वाचला आणि पांढरीफटक पडली. धाकटीचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. ती आपला आवाज ऐकत होती. कागदावर फुंकर मारावी तसा, अर्धी हवा, अर्धा सूर. पण होता.

आठवड्याने निकाल आला. गाठ साधी होती. नवरा दवाखान्याच्या दारातच रडला. तिला मात्र आनंद करावा की कपाळ बडवून घ्यावं तेच कळेना. म्हणजे थांबता आलं असतं. गाता आलं असतं. "ते आज कळलं," सर्जन म्हणाला, "तेव्हा नव्हतं कळत. मलाही आणि तुम्हालाही." हे तिला पटत होतं, तरी ते वाक्य पाठ करून मनाची समजूत घालायला तिला पुढचं वर्ष लागलं.

संमेलनवाल्यांनी ती वेळ दुसऱ्या कुणाला दिली. बाईंनी आपल्या दोन्ही मैफली प्रकृतीचं कारण सांगून रद्द केल्या. दोघींच्या घरांत पंधरा मिनिटांचं अंतर होतं. सहा महिन्यांत कोणीच ते चाललं नाही.

स्टँडवर माइक दुसऱ्या एकीच्या हाती गेला आणि धाकटीची बदली हरवलेल्या सामानाच्या खोलीत झाली. छत्र्या, डबे, एकेकटे बूट, एकदा तर कवळी. सामान घ्यायला क्वचितच कोणी येई. दार लोटून ती तिथे सा लावून बघायची. खालचे सूर परत आले, आधीपेक्षा भरदार आले. मधले आले. वर चढू लागलं की एका ठरावीक पायरीवर आवाज फाटायचा, कापडासारखा. रोज तिथेच. तिने जोर लावून पाहिलं, गोंजारून पाहिलं. एकदा तर चिडून एका छत्रीला लाथ मारली. पायरी हलली नाही.

नवव्या महिन्यात तिने पेटीवाल्या काकांना घरी बोलावलं. बाईंबरोबर तीस वर्षं साथ केलेला माणूस. ती म्हणाली, "काका, काळी तीन द्या."

काकांचा भात्यावरचा हात थांबला. "काळी पाचवरून थेट तीन? बाईंना कळलं तर?"

"बाईंना काय कळायचं ते कळू दे. तुम्ही द्या."

पट्टी उतरली म्हणून तंबोऱ्याला जाड तारा चढवल्या. सोहनी तिने बाजूला ठेवली आणि पूरिया घेतला. गंमत अशी की दोन्हींचे सूर तेच. सोहनी वर राहते, पूरिया तळमजल्यावर. खालच्या निषादावर, म्हणजे मूळ सा च्या खालच्या नी वर, तासन्तास बसायचं, इतकं की ऐकणाऱ्याने घड्याळ बघणं सोडून द्यावं. हे गाणं तिला कुणी शिकवलेलं नव्हतं, आणि तिच्याकडून कुणी मागितलंही नव्हतं.

पुढच्या वर्षी तिने संमेलनाला स्वतःहून पत्र लिहिलं. त्यांनी वेळ दिली, संध्याकाळची, आणि एक फॉर्म पाठवला. 'गुरू' लिहिलं होतं त्यापुढची जागा तिने कोरी ठेवली.

त्या संध्याकाळी पडद्याच्या फटीतून काकांनी बघितलं आणि ते हळूच म्हणाले, "धाकटे, बाई आल्यात. पहिल्या रांगेत." तिने तंबोरा पुन्हा एकदा जुळवून पाहिला. निवेदिकेने तिचं नाव पुकारलं, फक्त तिचं. कोणाची शिष्या ते आलं नाही. सभागृहात कुजबुज झाली. तिने पहिला सा लावला तेव्हा कुजबुज वाढली, कारण लोकांना काळी पाच ठाऊक होती. मागून कोणीतरी, तिला ऐकू जाईल इतपत म्हणालं, "आवाज गेला वाटतं."

तिने डोळे मिटले आणि खाली गेली. पहिली दहा मिनिटं कोणी हललं नाही, पण ते रंगून की अवघडून, हे तिला उमगेना. पुढे बंदिशीच्या अंतऱ्यात वरच्या सा ची जागा आली. तिने हात घातला आणि खालच्या पट्टीतही तो सा किनारीला फाटला. स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईलसा. तबलजीने चमकून पाहिलं. एका श्वासात झाकून पुढे जाता आलं असतं. ती गेली नाही. त्याच फाटक्या सुरावर तिने पुन्हा हळू पाय ठेवला, हवेसकट, जसा होता तसा, आणि तोल सांभाळत उभी राहिली. मग तिथून एकेक पायरी उतरत खालच्या निषादावर येऊन बसली. सभागृहात कोणीतरी दाबून धरलेला श्वास सोडला. मागून परत काही ऐकू आलं नाही.

गाणं संपल्यावर बाई आत आल्या. काकांनी खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत.

"माझं नाव का नाही घातलंस?"

"तुम्हीच म्हणालात."

"मी म्हणते ते तू कधीपासून ऐकायला लागलीस?"

धाकटीला हसू आलं आणि त्याबरोबर डोळेही भरले. बाई तिच्या गळ्यावरच्या व्रणाकडे बघत होत्या. "तो सा फाटला तिथे पळाली नाहीस," त्या म्हणाल्या. "मी दहा वर्षं पळाले. तुझ्या आड लपून." एवढं बोलून त्या काकांचा हात धरून जिना उतरून गेल्या.

महिन्याभराने त्यांचा निरोप आला: जाड तारा कुठे मिळतात ते कळव. धाकटी स्वतः तारा घेऊन गेली आणि पंधरा मिनिटांचं ते अंतर पाच मिनिटांत कापलं. बाईंचा तंबोरा काळी चारला उतरवायला दुपार गेली. एकाहत्तराव्या वर्षी बाईंनी आपला वरचा सा स्वतः लावला, थरथरता पण स्वतःचा. आणखी तीन वर्षं त्या गायल्या. धाकटी मागे बसत असे, तंबोरा छेडत, तोंड मिटून.

बाई गेल्यावर धाकटी पंधराएक वर्षं गायली. फार मोठी झाली नाही. पण पूरिया ऐकायचा तर हिचा, असं म्हणणारे भेटतात. स्टँडवरून ती निवृत्त झाली. आता घराच्या पुढच्या खोलीत अकराजणींना शिकवते. परवा एका मुलीची आई म्हणाली, "हिचा गळा बसलाय, आज जरा हळू घ्या."

"आज घेतच नाही," धाकटी म्हणाली. तिने मुलीला खिडकीपाशी उजेडात उभं केलं, हनुवटी वर करायला लावली, गिळायला सांगितलं आणि चष्मा चढवून बराच वेळ बघितलं. "काही दिसत नाही. तरी उद्या सकाळी डॉक्टरांना दाखवून या. आणि ते काय म्हणाले ते आधी मला येऊन सांगा."