विहिरीच्या खालच्या पायरीवर

आमच्या गावात नारू मेंढक्यानं आणला, असं अजून सांगतात. मागच्या महिन्यात पारावर एका तरुण पोरानं तेच सांगितलं आणि मी सवयीनं मान हलवली. ऐंशीच्या घरात आलोय. किती दिवस मान हलवणार?

ज्यांनी नारू पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तो दोऱ्यासारखा किडा. पाण्यातून पोटात जायचा आणि वर्षभरानं पायातून बाहेर निघायचा. लोक तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचे, वरून धोत्र्याचा पाला बांधायचे. तो पाय पाण्यात बुडाला की किड्याची पिल्लं पाण्यात सुटायची.

मोठ्या दुष्काळानंतरची वर्षं होती. वाशीजवळच्या आमच्या गावाला एकच विहीर, पायऱ्यांनी उतरून घागर भरायची. धाराशिवहून आरोग्य खात्याचा माणूस आला. म्हणाला, पाणी दुहेरी फडक्यानं गाळून प्या, नारूवाल्याला पाण्यात उतरू देऊ नका आणि विहिरीत हे औषध टाकू द्या. औषधाचं नाव काढताच लोक बिथरले. नसबंदीचे दिवस. "पाण्यातनं पोरं बंद करत्याल," एक म्हातारी म्हणाली. तो बाटली घेऊन परत गेला. फडकी बायकांनी चार दिवस बांधली, मग घागरी तशाच भरू लागल्या. औषधाऐवजी गावानं विहिरीवर राखण लावली. ती माझ्याकडं आली, कारण मी दूध सोसायटीचा सेक्रेटरी आणि सोसायटीची ओसरी विहिरीसमोर. चेअरमन माझे वडील, आबा.

तेव्हापासून मी माणसांची तोंडं बघायचं सोडलं. कोण लंगडतं, कुणाच्या पायाला चिंधी आहे, कोण जोडा काढत नाही, एवढंच बघायचो. पाहुणा आला तरी नजर आधी पायाकडं. सगळ्यांत जास्त नजर गावाकडेला मेंढरं घेऊन राहणाऱ्या मेंढक्यावर. त्याचा नारू उघड होता, घोट्याला काडी बांधलेली. तो वरच्या पायरीवर बसायचा, बायको खाली उतरायची. मी बघतोय म्हटलं की पाय लांब करायचा. "सेक्रेटरी, बघून घ्या नीट. काडीसकट हाय, कुठं पळाला न्हाय."

एका सकाळी मी सोसायटी उघडायला जरा लवकर गेलो. विहिरीच्या खालच्या पायरीवर आबा बसले होते, एक पाय पोटरीपर्यंत पाण्यात. काटा भरलाय म्हणून बरेच दिवस ते पायाला फडकं बांधून हिंडत होते.

"लई आग हुतीया रे," ते म्हणाले. "जरा गार वाटलं."

मी त्यांना धरून वर आणलं.

"कुणाला सांगू नगं. चेअरमनच्या घरात नारू म्हणल्यावर कोण दूध घालंल?"

त्यांच्या पायाचा पाला पायरीवरच राहिला. घटकाभरात तो बायकांना सापडला आणि दुपारी मेंढक्याला पारावर बोलावलं गेलं.

"माझा पाला माझ्या पायावर हाय की," तो म्हणाला. "का म्या दोन दोन बांधतो?"

कुणी हसलं नाही. आबा मधोमध बसले होते, पाय धोतरात घेऊन. एकानं मला विचारलं, "तू समोर असतोस. कोण उतरलं?"

"ह्यो येतो कवाबवा," मी मेंढक्याकडं बघून म्हणालो.

तो विहिरीवर यायचा, हे खरंच होतं. मला विचारलं होतं ते वेगळं.

मेंढक्याच्या घराला विहीर बंद झाली. त्याची बायको ओढ्यात झरा उकरून वाटीवाटीनं घागर भरू लागली.

पुढच्या उन्हाळ्यात गावात घरोघर नारू निघाला. माझ्या आईला, मला, शेजाऱ्यांना. मेंढक्याच्या घरात एकालाही नाही. ते झऱ्याचं पाणी प्याले म्हणून सुटले, हे मला तेव्हाच कळलं होतं. पारावर मात्र वेगळंच बोलणं चाललं. आपलं घर तेवढं राखून गावाला लावला, करणी केली. आबा ऐकून घ्यायचे. मी काडीला नारू गुंडाळत बसायचो.

मेंढक्यानं बिऱ्हाड येडशीच्या बाजूला हलवलं. जाताना त्याची बायको ओसरीसमोर थांबली.

"साहेब, आमी वरीसभर हिरीकडं फिरकलो न्हाय. मग तुमच्या पायात कुठनं आला?"

मी दुधाचं माप धुवत राहिलो.

नंतर औषधाची बाटली परत आली तेव्हा कुणी अडवलं नाही. पायऱ्या बुजवल्या, रहाट बसवला, नारू गेला. मेंढक्याचं नाव तेवढं राहिलं. ती बाई आता असेल नसेल, पण तिच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या दिवशीही येत होतं. बाई, तो आमच्याच घरातून आला. पाण्यात पाय माझ्या आबांचा होता, आणि राखणीला मी होतो.