कमरेचा पट्टा

डॉक्टरांनी पट्टा दीड महिन्यासाठी दिला होता. मी तो दीड वर्ष बांधला.

तलासरीजवळच्या एका आश्रमशाळेत मी गणित शिकवतो. कोठीत तांदळाचं पोतं सरकवायला वाकलो आणि कमरेत चमक भरली. डाव्या पायात घोट्यापर्यंत मुंग्या. अंग एका बाजूला कललं ते सरळच होईना. एमआरआयमध्ये मणक्यांमधली गादी सरकून नस दाबत असल्याचं दिसलं. पहिले दोन महिने खरोखर वाईट होते. शिंक आली तरी भिंत धरायचो.

पण चौथ्या महिन्यात मुंग्या गेल्या, दुखणंही जवळजवळ थांबलं. हे मी कोणालाच सांगितलं नाही. पट्टा दिसला की शाळेत कोणी बाक हलवायला बोलवत नसे. घरी सिलिंडर, पाण्याचे हंडे, दळण, सगळं बायकोने अंगावर घेतलं होतं. मी उगाच हात पुढे केला की म्हणायची, "अहो, राहू द्या. परत भरली तर?" मी राहू द्यायचो.

मग एका सकाळी बुटाची नाडी बांधताना कंबर पुन्हा धरली. बायको मला डहाणू रोडला एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे घेऊन गेली. त्यांनी मला पालथं झोपवून एकेक पाय उचलायला लावला आणि कण्याच्या दोन्ही बाजूंना बोटं दाबून पाहिलं.

"सर, पट्टा किती दिवस बांधताय?"

"अधूनमधून."

"रोज," बायको म्हणाली. "दीड वर्ष झालं."

बाई म्हणाल्या, "गादी सरकली तेव्हा हे स्नायू तिला सांभाळायला आखडले. दुखणं ओसरल्यावर त्यांना परत कामाला लावायचं असतं. तुम्ही लावलंच नाही. आता त्यांच्यात जोर उरला नाही, म्हणून नाडी बांधतानाही कंबर धरते." मग बायकोकडे वळून म्हणाल्या, "ताई, तुम्ही जरा झोपा. कामात असलेले स्नायू हाताला कसे लागतात ते सरांना दाखवते."

ती संकोचत पालथी झोपली. बाईंनी कमरेवर बोटं ठेवली मात्र, तिने दातांतून श्वास ओढला.

"दुखतं? कधीपासून?"

"यांचं झालं त्यानंतर थोड्याच दिवसांनी."

बाईंनी तिचे पाय उचलून तपासले. "तुमची गादी ठीक वाटते. पण स्नायूंवर फार ताण आहे. ओझं कमी करा." माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

परतताना चारोटीला जीप बदलायला थांबलो. तिथे मी सांगून टाकलं, "मला चौथ्या महिन्यातच बरं वाटत होतं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "मी घरात नाही असं वाटलं की खुर्ची उचलून अंगणात न्यायचात."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल असं वाटायचं."

आता आम्ही दोघं सकाळी चटईवर व्यायाम करतो. माझी कंबर तीन महिन्यांत सुधारली. तिची सावकाश सुधारते आहे. अजून उठताना ती पलंगाची कड धरते. सिलिंडर मी हलवतो. पहिल्यांदा हलवत होतो तेव्हा शेजारच्या काकू दारातून म्हणाल्या, "सर, किती जपता हो बायकोला!"

ती आत पोळ्या लाटत होती. तिने नक्की ऐकलं असणार. मी मान खाली घालून सिलिंडर आत ढकलला.